नावाची ओळ

शाहीर कोंडीराम गेले, आणि दोन दिवसांनी घोडपदेवच्या चाळींतून मोबाईलवर एक निरोप फिरला. रविवारी सकाळी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. कृपया कुणीही फुलं, हार, बुके आणू नयेत. शाहिरांच्या इच्छेनुसार प्रत्येकानं स्वतःचं एक कडवं आणावं, आणि शेवटी त्यात आपलं नाव घालावं.

निरोप वाचून लोक आधी हळहळले, मग घाबरले. हाराचं सोपं असतं. दादरला उतरायचं, पुलाखालून घ्यायचा, पिशवीत घालून आणायचा, फोटोला घालायचा, हात जोडायचे, की झालं. कडवं कुठून आणायचं? ते काही दादरला मिळत नाही.

म्हणून लोक राधाकडे आले.

राधा शाहिरांच्या गायन पार्टीत होती. पार्टीत म्हणजे मागच्या ओळीत, कोरसला. चौदा एप्रिल असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाचं लग्न असो की संपाची सभा, शाहीर पुढे उभे राहायचे आणि राधा त्यांच्या डाव्या खांद्यामागे. आता तिची सत्तरी उलटली होती. गुडघे बोलत होते, पण आवाज अजून शाबूत होता. पदर कमरेला खोचून ती दारातच पाटावर बसायची, आणि येणारा-जाणारा तिला काही ना काही बोलून जायचा.

पहिला आला चहावाला धनेश. शाहिरांचा सकाळचा चहा रोज त्याच्याच टपरीवर व्हायचा.

"मावशी, एक कडवं बांधून दे ना."

"स्वतःचं आणायचं सांगितलंय रे."

"माझंच की. नाव माझं, शब्द तुझे. कोणाला कळतंय?"

राधा खाली बघून लसूण सोलत राहिली. धनेशला वाटलं, मावशी शब्द शोधतेय. तिनं मान वर करून विचारलं, "शाहीर गेल्यावर पहिल्या सकाळी काय केलंस तू?"

"काय करणार? चहा केला. सवयीनं त्यांचा कप पण भरला. मग तो तसाच हातात. कोणाला देऊ?"

"हेच म्हण की मग."

आणि तिनं हातातला लसूण सोलता सोलता म्हणून दाखवलं,

*धनेश म्हणे चहात, साखर घालू मी किती*
*गोड बोलणारा गेला, कप राहिला हा हाती*

धनेश हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "च्यायला," एवढंच बोलून तो गेला.

मग रीघच लागली. ढोलकीवाला दौलत आला. तो मूळचा कोकणातला, पार्टीत लहानपणापासूनचा. त्याच्या तोंडून तिनं काढून घेतलं की आता थाप मारताना बोटं चुकतात, ढोलकीची शाई कोरडी पडलीय असं वाटतं. त्याचंही दोन ओळींत झालं. इस्त्रीवाला आला, बालवाडीच्या बाई आल्या. नगरसेवकाचा माणूस आला नि उभ्या उभ्याच म्हणाला, "काकू, साहेबांना एक चांगलं मोठं पाहिजे. चार-पाच कडव्यांचं चालेल."

"साहेब शाहिरांना कधी भेटले होते?"

"फोटो आहे ना एकत्र."

"मग फोटोच आणा," राधा म्हणाली.

आत भाकऱ्या थापत सून नम्रता हे सगळं ऐकत होती. ती परळच्या एका इस्पितळात रक्ततपासणीच्या खोलीत काम करायची, आज तिची सुट्टी होती. तिनं आतूनच विचारलं, "आई, सगळ्या गावाची झाली. तुमचं काय?"

"होईल."

"कालपण हेच बोललात."

राधानं लसणाची फोलपटं फुंकून टाकली.

संध्याकाळी संघर्ष आला. शाहिरांचा मुलगा. बँकेत नोकरीला, बोलायला मऊ, वडिलांचा आवाज काही त्याच्याकडे आला नव्हता. तो पाटाशेजारी जमिनीवरच बसला.

"काकू, विहाराच्या कमिटीत लई वाद झाला. कोणी म्हणालं रक्तदान ठेवू. कोणी म्हणालं फुलांऐवजी वह्या-पेनं आणायला सांगू, आपल्याकडे आता तशी रीतच पडलीय, पोरांच्या उपयोगाला येतात. कोणी म्हणालं अभ्यासिकेला पुस्तकं. मी म्हटलं, ते सगळं करू, वर्षभर करू. पण बाबांनी स्वतः मागितलंय ते आधी करू."

"तुला कधी बोलले?"

"इस्पितळात. मागं त्या कामगार पुढाऱ्यांची अंत्ययात्रा निघाली होती ना, आठवतं? बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागला गेले होते. तर झाडूवाल्या बाई रस्त्यावरची फुलं लोटत होत्या. घसरत होत्या त्यावरून. बाबांच्या डोक्यात ते राहिलं. म्हणाले, फूल आणणाऱ्याला काही करावं लागत नाही रे. कडवं आणायचं तर माणसाला घरी बसून माझा विचार करावा लागेल. तेवढा विचार केलात तरी मला बास."

राधानं मान हलवली. शाहिरांचं बोलणं असंच असायचं. साधं वाटायचं, आणि घरी गेल्यावर टोचायचं.

संघर्ष उठता उठता थांबला. "अजून एक बोलले. म्हणाले, राधा काय आणते ते बघ. ती आपलं नाव घालते का बघ."

तो जिना उतरून गेला.

पार्टीचा रिवाज होता. चाल कुणीही बसवो, शब्द कुणाचेही असोत, शेवटच्या कडव्यात नाव शाहिरांचंच यायचं. त्या ओळीला पार्टीत नावाची ओळ म्हणत. म्हणायचीही पद्धत ठरलेली. पुढचा गाणारा त्या ओळीवर आला की कोरसनं नाव उचलायचं, सगळ्यांनी मिळून, आणि ढोलकीनं तिथं एक थाप जास्त द्यायची. समोरच्या माणसांनाही ते इतकं पाठ झालं होतं की नाव आलं की अख्खं मैदान म्हणायचं, कोंडीराम म्हणे.

कडवी मात्र पुष्कळदा राधा बांधायची. हे पार्टीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शाहीर जिन्यात बसून चाल गुणगुणायचे. राधा वर भाकऱ्या करता करता ऐकायची. तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत ओळ झालेली असायची. ती दारात येऊन म्हणायची, शाहीर डोळे मिटून ऐकायचे. आवडली की काही बोलायचे नाहीत, फक्त पुन्हा म्हणायला लावायचे.

भोंग्याचं गाणं असंच झालेलं. तिचा मुलगा उन्मेष तेव्हा अंगावर पीत होता. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, रातपाळीला. पोराला कसंबसं निजवावं आणि गिरणीचा भोंगा व्हावा, की ते दचकून उठायचं. एका पहाटे वैतागून ती भोंग्याशीच बोलली, आणि ते गाणं होऊन बसलं.

*हळू वाज रे भोंग्या तू, तान्हं आत्ताच निजलं*
*साच्यावर उभा बाप, त्याचं काळीज भिजलं*

आणि शेवटाला,

*कोंडीराम म्हणे भोंग्या, थोडी माया घे उसनी*
*तुझ्या पोटी नाही बाळ, तुला कळावं कुठुनी*

शाहिरांनी ते ऐकलं त्या दिवशी ते पहिल्यांदा पटकन बोलले. म्हणाले, "ह्याच्यात तुझं नाव घाल. बाईचं दुखणं हाय हे. माझं नाव इथं खोटं वाटतं."

राधा म्हणाली, "राहू द्या. तिथं तुमचंच शोभतं."

त्यांना वाटलं ती लाजतेय. नंतर पुष्कळांना वाटलं की बिचारीला नाव मिळालं नाही. नम्रता तर कधी कधी चिडून बोलायची, तुमच्या गाण्यावर सगळ्यांनी टाळ्या घेतल्या, आई. राधा हसून विषय बदलायची. खरं कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

बोलताना तिनं त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. शाहीर म्हणायची, नाहीतर अहो म्हणायची. परक्या पुरुषाचं नाव तोंडात खेळवणं तेव्हा चाळीत चालण्यासारखं नव्हतं, आणि मनातही तिनं ते कधी खेळवलं नाही. ती मनालाही भ्यायची. पण स्टेजवर, दिव्याखाली, भरल्या मैदानात, नवरा पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून बसलेला असताना, ती ते नाव पूर्ण गळ्यानं घ्यायची. चारी अक्षरं. कोंडीराम. कुणी वळून बघायचं नाही. एका गाण्यात एकदा. त्या एका ओळीसाठी ती आधीची सगळी कडवी बांधायची.

आता त्या जागी स्वतःचं नाव घालायचं. तेच त्यांनी मागितलं होतं. तिनं त्यांना जे जे दिलं त्या सगळ्यावर त्यांचंच नाव होतं, आणि त्यांच्यासाठी आणायला तिच्याकडे तिचं असं काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भोंग्याच्याच चालीवर जुळवत बसली. शब्द येत होते. नावाच्या ओळीपर्यंत सुरळीत यायचं आणि तिथं जीभ आपसूक वळायची. कोंडीराम म्हणे. ती थांबायची, पुन्हा मागून यायची. राधा म्हणे. दोनच अक्षरं. चालीत चारांची जागा होती, दोन रिकामी पडत होती. कुणाच्या अंगातला सदरा आपण घातला म्हणजे खांदे उतरतात, तसं काहीतरी.

कामावरून आलेल्या नम्रतानं ऐकलं. "राधाबाई टाका की. बरोबर बसतं."

"माझं मीच स्वतःला बाई म्हणू होय?"

"मग राधाराणी."

"गप, मेले."

दोघी हसल्या. मग नम्रता जवळ बसली. "आई, नका घालू नाव. आम्ही कुणी विचारणार नाही."

"ज्यानं विचारलंय त्याला काय सांगू?" राधा म्हणाली.

नम्रता तिच्याकडे बघत राहिली. तिला काही कळलं की नाही, राधाला समजलं नाही. तिनं फक्त सासूच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठली.

शनिवारी राधा रखमावहिनींकडे गेली. शाहिरांची बायको. दोन चाळी पलीकडे, तळमजल्याला. घरात माणसं येऊन-जाऊन होती. रखमावहिनी खाटेवर बसून शाहिरांचा चष्मा साडीच्या काठानं पुसत होत्या. काच स्वच्छ होती, तरी पुसत होत्या.

"ये. बस," त्या म्हणाल्या. "तुझं झालं का कडवं?"

"नाही अजून."

"तुझं नाही झालं? मग आम्ही कुठं जावं?" त्यांनी चष्मा उजेडात धरला. "मी तर काहीच आणणार नाही. मला कुठलं येतंय. उभ्या जन्मात मला त्यांनी एक ओळ विचारली नाही बघ. तुला शब्द विचारायचे, मला मीठ."

राधा खाटेशेजारी खाली बसली.

"वाईट वाटून नको घेऊ," रखमावहिनी म्हणाल्या. "मीठ पण मनापासून विचारायचे. कमी झालं तर जेवायचे नाहीत नीट." मग खालच्या आवाजात, "तू नसलीस त्या कार्यक्रमाहून घरी आले की गप गप असायचे. मी विचारायचे, आज जमलं नाही का? म्हणायचे, जमलं. पण डावीकडनं आवाज आला नाही."

राधानं खाली बघितलं. फरशीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता, त्यात धूळ हलत होती. इतक्या वर्षांत तिनं हे ऐकलं नव्हतं. ऐकायला मिळालं ते त्यांच्या बायकोच्या तोंडून, आणि त्यांना विचारता येणार नाही अशा दिवशी.

"चहा ठेवते," रखमावहिनी उठल्या.

"नको वहिनी."

"नको कशाला. मला पण हवाय."

रविवारी विहार भरून बाहेर गल्लीपर्यंत माणसं उभी होती. आत बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लावलेल्या. शेजारी स्टुलावर शाहिरांचा फोटो, हात कानाशी नेलेला, तोंड उघडं. फोटोला एकही हार नव्हता. सवय नसल्यामुळं लोकांची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जायची. एक दोघं नेहमीप्रमाणं फुलं घेऊन आलेले, त्यांनी दारातच ती पिशवी चपलांशेजारी ठेवून दिली.

भंतेंनी त्रिशरण, पंचशील दिलं. मग एकेकजण उठला. धनेशचं कडवं झालं, आणि त्याला कप हा शब्दच निघेना, तर मागून कुणीतरी त्याच्यासाठी म्हटला. इस्त्रीवाल्यानं स्वतःच काहीतरी फिरवून टाकलं होतं, ते राधाच्यापेक्षा बरं होतं. बालवाडीच्या बाई चालीत चुकल्या आणि तशाच म्हणत राहिल्या. नगरसेवक आले, फोटोपुढं दोन मिनिटं उभे राहिले. हातात काही नव्हतं म्हणून त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. कडवी वेडीवाकडी होती, पण प्रत्येकाच्या शेवटी एक नाव येत होतं. गल्लीतली एवढी नावं एका जागी राधानं कधी ऐकली नव्हती.

मग दौलतनं ढोलकी पुढं ओढली आणि पार्टीतल्या राहिलेल्या चौघांनी भोंग्याचं गाणं घेतलं. पुढं कोण उभं राहणार म्हणून जागा मोकळीच ठेवली होती. राधा आपल्या ठरल्या जागी उभी राहिली, मोकळ्या जागेच्या डाव्या बाजूला मागं. नावाची ओळ आली. विहारानं, दारानं, बाहेरच्या गल्लीनं ती उचलली. राधानंही घेतली. घेताना तिला कळलं, ही आता शेवटचीच. यापुढं हे नाव गाण्यात येईल ते गेलेल्या माणसाची आठवण म्हणून.

संघर्षनं तिच्याकडे बघितलं. "काकू."

ती पुढं गेली. पुढं जायची सवय नव्हती, म्हणून फोटोच्या अगदी समोर न उभी राहता जराशी तिरकी उभी राहिली. पहिल्या रांगेत रखमावहिनी होत्या, बाजूला नम्रता आणि उन्मेष.

तिनं दौलतला चाल सांगितली नाही. तिनं सूर लावला तसा त्यानं तोच ठेका धरला.

*रिकाम्या हाती मी आले, फूल नाही पान नाही*

आवाज कापला नाही. तिला स्वतःलाच नवल वाटलं. समोरचे डोळे तिच्यावर होते आणि त्यांतल्या कुणालाच तिच्या पोटात काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. नावाच्या ओळीआधी एक श्वास असतो, तो तिनं घेतला. दोन अक्षरं चारांच्या जागेत ठेवायची तर ती ओढायला हवीत. तिनं ओढली. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं इतकं लांब तिनं आपलं नाव घेतलं.

*राऽऽधाऽऽ म्हणे*

आणि त्याच क्षणाला कोरस उठला. चाल तीच, जागा तीच, दौलतची ती एक जास्तीची थापही आपोआप पडली. कुणी विचार केला नाही. वर्षानुवर्षं त्या जागी जे म्हणत आले तेच माणसांच्या तोंडून निघालं, मागं उरलेल्या कोरसच्या, रांगांतल्या बायकांच्या, दारातल्यांच्या, बाहेर गल्लीत उभ्या असलेल्यांच्या.

*कोंडीराम म्हणे*

दोन्ही नावं एकदमच झाली. एकाखाली एक नाही, एकामागून एक नाही. एकाच ओळीत, एका दमात, चालत्या ठेक्यावर. राधाचा सूर अजून लांबलेला होता आणि तो त्या मोठ्या आवाजाच्या आत कुठंतरी वाजत होता.

मग लोकांच्या लक्षात आलं. आवाज एकाएकी विरला. कुणी जीभ चावली, कुणी खाली बघितलं. दौलतनं ढोलकीवर हात दाबून धरला. संघर्ष घाईनं पुढं आला.

"सॉरी काकू. सवयीनं झालं. परत घेऊ या. ह्या वेळी आम्ही कोणी नाही म्हणणार, तुमचं एकटीचं होऊ दे."

राधानं त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला होता की नम्रता जागची अर्धी उठली.

"नको रे," राधा म्हणाली. "झालं ते बरोबर झालं."

"अहो पण तुमचं नाव कुठं ऐकू आलं?"

"आलं," ती म्हणाली. "ज्याला यायचं त्याला आलं असेल."

राहिलेली अर्धी ओळ तिनं उभ्याउभ्याच म्हणून टाकली, ठेक्याशिवाय, बोलल्यासारखी,

*तुमच्याशी माझं बोलायचं राही*

आणि ती मागं वळली. कोरसच्या जागी गेली नाही. सरळ पहिल्या रांगेत आली. रखमावहिनींनी मांडी आवळून घेतली आणि सतरंजीवर शेजारी जागा केली. राधा बसली. तिचे गुडघे दुखत होते, ते सरळ करायला वहिनींनी हातानं मदत केली.

पुढं कुणीतरी बारीक आवाजात आपलं कडवं म्हणायला लागलं होतं.